युजेनॉल: वास ओळखीचा, पण मोजायचा कसा?

प्रश्न: घरच्या दालचिनीच्या पानांचं तेल तपासायला दिलं. अहवालात ‘युजेनॉल, प्रमाण नमुन्याशी तुलना करून’ असं आहे. लवंगेतलं युजेनॉल ते हेच ना? मग तुलना कशाला?
– एक बागायतदार, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: हो, तेच. दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड जास्त, पानांच्या तेलात मात्र युजेनॉलच मुख्य. दाताच्या डॉक्टरांकडे येतो तोच वास.

गॅस क्रोमॅटोग्राफ तेलातले घटक वेगळे करून कागदावर शिखरं काढतो. त्यांना नाव देत नाही. म्हणून ज्याची शुद्धता प्रमाणपत्रावर नोंदलेली आहे असं युजेनॉल, म्हणजेच ‘प्रमाण नमुना’, आधी त्याच यंत्रातून सोडायचं. ते जितक्या मिनिटांनी बाहेर पडतं, तितक्याच मिनिटांनी तुमच्या तेलातलं शिखर आलं पाहिजे. मग दोन्ही शिखरांच्या क्षेत्रफळावरून टक्केवारी निघते. मोजमाप प्रमाण नमुन्याइतकंच खरं!

हे मी चटका बसून शिकले. नोकरीच्या सुरुवातीला उघडून ठेवलेली जुनी कुपी वापरली. युजेनॉल ताजं असताना फिकट पिवळं असतं. हवा लागून ते तपकिरी झालं होतं, आणि मी रंगाकडे बघितलंच नाही. प्रमाण नमुनाच उतरलेला, त्यामुळे आठवडाभराचे सगळे नमुने खऱ्यापेक्षा सरस दिसले. कुणाच्या तरी मालाचा भाव त्या आकड्यावर ठरणार होता, म्हणून सगळे पुन्हा केले.

तेल प्लॅस्टिकमध्ये पाठवू नका. गडद काचेची बाटली घ्या, गळ्यापर्यंत भरा. आणि प्रमाण नमुन्याचा लॉट क्रमांक व शुद्धता अहवालावर मागून घ्या; तो तुमचा हक्क आहे.