पहिली लाकडी पाटी कोरताना
पहिल्या पाटीसाठी आपण सरळ रेषांचे, गाठी नसलेले सागवान निवडावे आणि अक्षरे ठसठशीत ठेवावीत. देवनागरीत खरी कसोटी शिरोरेषेची असते, कारण ती लाकडाच्या रेषांना समांतर धावते आणि हातात धरलेला राउटर (लाकडात खाच कोरणारे विजेचे यंत्र) त्या रेषांमागे भरकटतो. म्हणून डावीकडून उजवीकडे कापताना सरळ पट्टी आपल्यापासून दूरच्या बाजूस क्लॅम्पने घट्ट आवळावी, म्हणजे फिरते बिट, म्हणजे राउटरचे कापणारे पाते, यंत्राला पट्टीकडेच ओढत राहील. वेलांट्या मात्र मोकळ्या हाताने, सावकाश कोराव्यात. 6 मिलिमीटर खोली दोन फेऱ्यांत गाठावी. रंगापूर्वी खाचांना सीलरचा (रंध्रे बुजवणाऱ्या लेपाचा) हात द्यावा, अन्यथा रंग लाकडाच्या रंध्रांतून पसरून अक्षरांच्या कडा बिघडवतो. गॉगल आणि मास्क पहिल्या कापापासूनच वापरावेत; सागाची भुकटी घशाला खरोखर त्रास देते.