गावातच पेटीचा क्लास काढून आणि भजनं करून घर चालतं का?

तुम्ही विचारलंय की धाकटा भाऊ पेटी उत्तम वाजवतो, पुण्यातली नोकरी सोडून गावी क्लास काढतो म्हणतो, भजनाच्या बाऱ्याही करीन म्हणतो; तर यावर घर चालतं का, आणि त्याने कुठली परीक्षा द्यावी. वर एका गृहस्थांनी लिहिलंय, संगीत ही साधना आहे, पैशाचा विचार करणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. ते वाचलं आणि राहवलं नाही.

मी कुडाळ तालुक्यातला भजनीबुवा. आमच्याकडे बुवा म्हणजे गाणारा तोच आणि पेटी वाजवणाराही तोच. संध्याकाळी पडवीत मुलांचा क्लास असतो. घर यावरच चालतं, ओढाताण करत का होईना. पण तुमच्या भावाची पेटी कितपत चांगली आहे यावर ते ठरत नाही. चांगली पेटी वाजवणारे कोकणात वाडीला दोन सापडतील. देवळाच्या कमिटीसमोर उभं राहून 'बारीचे इतके होतील' हे न चाचरता सांगणारा मात्र शोधावा लागतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याच गावच्या देवळाचा वर्धापनदिन होता. रात्री डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा समोरासमोर भजनाचा सामना. समोर देवगडकडचे एक नावाजलेले बुवा, त्यांचे पैसे आगाऊ ठरलेले. मंडप, जनरेटर, साउंड, लायटिंग, सगळ्यांना इसार पोचलेला. मला कोणी काही विचारलंच नाही, कारण मी घरचा. दहाला बारी उभी राहिली. रूपाचा अभंग झाला, गजर झाला, मग समोरच्या बुवांनी रामायणातला एक आडवळणाचा प्रश्न टाकला, तो मी गाण्यातूनच सोडवला, वर माझा एक अडकवला. माणसं उठत नव्हती. भैरवी झाली तेव्हा कोंबडे आरवत होते. मग स्टेजवर बोलावून शाल, श्रीफळ आणि पाकीट. पाकिटात ५०१ रुपये, आणि आम्ही झांजवाला नि कोरस धरून सात जण.

माझा पखवाजवाला चिरेखाणीवर कामाला. बारीसाठी त्याने आदल्या दिवशी दुपारनंतर आणि दुसरा अख्खा दिवस खाडा केलेला. खाणीवर खाडा म्हणजे हजेरी नाही, आणि हजेरी नाही तर पैसे नाहीत, इतकं ते सरळ आहे. तो कोपऱ्यात मांडी घालून पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावलेली कणीक नखाने खरवडत बसला होता. पाकिटात किती आहेत हे त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर कदाचित मी गप्प राहिलो असतो.

कमिटीच्या टेबलाशी गेलो. खजिनदार माझे सख्खे काका. म्हटलं, "काकानू, पखवाजवाल्याची हजेरी तरी सुटाक व्हयी." काका चार माणसांत म्हणाले, "देवाच्या कामाक पैसे कसले मागतंस? विद्या इकूची नसता."

त्यांच्यापुढे वही उघडी होती. साउंडवाला, मंडपवाला, जनरेटरचं डिझेल, अभिषेकाची दक्षिणा, सगळं रकमेसकट, काकांच्या टपोऱ्या अक्षरात. मी विचारलं, भटजींना दक्षिणा मोजून दिलीत ती देवाच्या कामाची नव्हती काय? साउंडवाल्याने माईक लावला तो कोणासाठी, सासरच्या माणसांसाठी? माईकचे पैसे आहेत आणि माईकपुढे रात्रभर ओरडणाऱ्याचे नाहीत, हा कुठला हिशेब? काकांनी वही मिटली. त्यानंतर कितीतरी दिवस आमचं बोलणं नव्हतं. चवथीला एकमेकांच्या घरी आरतीला गेलो, करंज्या खाल्ल्या, पण बोललो नाही.

बोलणं सुरू झालं तेही भांडणानेच. काकांचं ठेवणीतलं अस्त्र म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांनी अख्खं आयुष्य संगीताला वाहिलं आणि तू पाचशे रुपयांवरून देवळात वाद घालतोस! वाहिलं, खरंय. पण त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजेरजवाड्यांच्या मेहेरबानीवर न राहता लोकांच्या बळावर उभं राहायचं म्हणून. वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलिपी, छापील पुस्तकं, या सगळ्यामागे गाणाऱ्याला उजळ माथ्याने जगता यावं हाच खटाटोप होता, असं मी तरी समजतो. पुढे त्यांची मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली. देवाचं काम आहे म्हणून तेव्हा सावकार थांबले नाहीत. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, तुका वाद घालूक व्हयो. असेल तसंही. पण उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि वर साधना-साधना लिहिणाऱ्या गृहस्थांकडेही ते असेल असं वाटत नाही. त्यांचा पगार महिन्याच्या एक तारखेला बँकेत जमा होत असावा.

तर भावाला पहिली गोष्ट ही सांगा: गावच्या बारीचेही पैसे आधी बोलायचे, आणि ते काकांशी बोलायचे असतील तर चार माणसांत बोलायचे.

क्लासचं म्हणाल तर आमच्याकडे महिन्याला चारशेच्या वर फी मागितली की आया मुलाला अबॅकसला घालतात. सातवी-आठवीत गर्दी होते, कारण दहावीला कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. ही मुलं दहावीनंतर तोंड दाखवत नाहीत. त्यावर नाक मुरडणारे शिक्षक मी पाहिलेत. मी मुरडत नाही, कारण फी त्यांचीच वेळेवर येते, आणि त्यातलं एखादं टिकतंही. सुरुवातीला मी पोरांना फक्त भाता शिकवतो. उजव्या हाताचं एक बोट सा वर ठेवायचं आणि डाव्या हाताने भाता असा मारायचा की सूर हलता कामा नये. पोरं कंटाळतात, आया विचारतात, 'अजून गाणं नाही?' यूट्यूबवर बघून चार गाणी वाजवणाऱ्या पोराला भाता मारायला सांगा, सूर उसळ्या मारतो की नाही बघा.

बाऱ्यांचं वर्ष सरळ नसतं. श्रावणातले सप्ताह, मग गणपती, तेव्हा एका रात्री तीन-तीन घरं. कार्तिकानंतर जत्रा सुरू होतात. दशावतारी कंपन्यांना पेटीवाला लागतो आणि तिथे रात्रीच्या हिशेबाने पैसे मिळतात, पण झोपेचं खोबरं होतं आणि दुसऱ्या दिवशीच्या क्लासचंही. मे महिन्यात चाकरमान्यांच्या सत्यनारायणाच्या पूजा असतात. जून-जुलैत शुकशुकाट, सगळे लावणीला. त्या दोन महिन्यांत मला पेटी दुरुस्तीने तारलंय. दमट हवेने पट्ट्या फुगून अडकतात, पितळी सुरांवर, म्हणजे आतल्या रीडवर, हिरवट थर चढतो, आणि गणपती तोंडावर आले की अख्ख्या पंचक्रोशीला आपली पेटी आठवते. ब्लेडने सुराचं टोक हलकेच खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. जरा जास्त घासलं की सूर गेला, नवा बसवा. हे काम भावाने कोणा कारागिराकडे बसून शिकून घ्यावं. त्याचे पैसे मागताना कोणी देव मध्ये आणत नाही.

परीक्षेचं विचारलंत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्याव्यात: प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद, या तिन्हींचे प्रथम आणि पूर्ण असे दोन-दोन भाग. अलंकार त्याच्याही पुढे. भजनाला प्रमाणपत्र कोणी विचारत नाही, क्लासला विचारतात, आणि मुलांना परीक्षेला बसवायचं तर आपण विशारद असलेलं बरं. पेटीचं विशारद कशाला, गाण्याचं करा, असं सांगणारे भेटतील. आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली, ती १९७१ पर्यंत. तो वास अजून काही लोकांच्या नाकात आहे. रेडिओवर बंद होती तेव्हाही आमच्या देवळांतून ती वाजतच होती. भावाने बेलाशक पेटीच घ्यावी.

आता जे सुरुवातीलाच लिहायचं ते इथे लिहितो. माझं घर स्वतःचं आहे, भात घरचं आहे, थोडे काजू आहेत, आणि बायको अंगणवाडीत आहे. तिचं मानधन थोडं असलं तरी दर महिन्याचं आहे, माझं तसं नाही. तुमच्या भावावर कर्जाचे हप्ते असतील तर त्याने नोकरी सोडू नये, शनिवार-रविवार बाऱ्या कराव्यात. लग्न व्हायचं असेल तर तेही बघा. मुलगा काय करतो या प्रश्नाला 'बुवा आहे' हे उत्तर आमच्याकडेसुद्धा चालत नाही, बारीला मात्र त्याच घरातली माणसं पहिल्या रांगेत येऊन बसतात.

आणि भाऊ गावी आलाच तर त्याने पखवाजवाला आधी धरावा. चांगला पखवाजवाला मुंबईला गेला की बुवाचं अर्धं भजन गेलं. त्याचे पैसे बुवाच्या पाकिटात नको, वेगळ्या पाकिटात मागायचे, त्याच्या नावाने.