डिशवॉशरची टॅबलेट अर्धी तोडून वापरली तर चालते का?

नाही चालत. तुम्ही लिहिलंय की टॅबलेट महाग पडते म्हणून अर्धी करून मशीनच्या तळाशी टाकता, भांडी आधी साबणाने विसळून घेता, तरी ताटांवर पांढरट थर राहतो आणि वाट्या पिठूळ लागतात. मग टॅबलेटच खराब आहे का, असा तुमचा प्रश्न. टॅबलेट खराब नाही, तिला काम करू दिलं जात नाहीये. हेच मी आमच्या मोठ्या जाऊबाईंना कित्येक वर्षं सांगत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मशीन आधी साध्या पाण्याने भांडी खळबळून घेतं आणि ते पाणी टाकून देतं. त्यानंतर मुख्य धुण्याचं पाणी भरतं, तापायला लागतं आणि दारातल्या कप्प्याचं झाकण उघडतं. टॅबलेट त्या कप्प्यातच हवी. तळाशी टाकलेली टॅबलेट पहिल्या पाण्यात विरघळून गटारात जाते आणि खरं धुणं नुसत्या गरम पाण्यावर होतं. अर्धी करण्याचंही तसंच. टॅबलेटची मात्रा पाण्याच्या हिशेबाने ठरवलेली असते, आणि बारा-तेरा जणांच्या भांड्यांच्या मशीनला एका फेरीत दहा लिटरच्या आसपास पाणी लागतंच. चार ताटं कमी घातली म्हणून ते निम्म्यावर येत नाही. कमीच वापरायचं असेल तर पावडर घ्या, ती मोजता येते.

आता महालक्ष्मींची गोष्ट सांगते. आमच्याकडे गौरी पंचवटीतल्या जुन्या घरी बसतात. एका वर्षी तिथे छताचं काम निघालं, म्हणून महालक्ष्म्या माझ्याकडे इंदिरानगरला आल्या. सोळा भाज्या, पुरण, कटाची आमटी, आंबील, आणि जेवायला सगळं गोत. कामाच्या मावशींना त्यांच्या घरच्या गौरींसाठी सुट्टी दिलेली. पंगती उठल्या तशी पुरुष मंडळी हॉलमध्ये विडे लावत बसली आणि बायका सवयीने सिंककडे वळल्या. मी म्हटलं, खरकटं तेवढं काढून ताटं मशीनमध्ये लावा. जाऊबाई म्हणाल्या, "हात लागल्याशिवाय भांडं निघत नाही, तू नोकरीवाली, तुला काय कळणार." त्यांनी आणि चुलत सासूबाईंनी एकेक ताट भांड्यांच्या साबणाने घासलं, न विसळता तसंच मशीनमध्ये लावलं, आणि टॅबलेट "एवढी कशाला" म्हणत तोडून अर्धी तळाशी टाकली. मी तेव्हा खाली सवाष्णींना गाडीत बसवत होते. वर आले तर मशीन अडकून थांबलेलं, दाराच्या फटीतून फेस आलेला आणि सगळे जमलेले. जाऊबाईंनी भर घरात सांगितलं, "बघा हिचं यंत्र."

साध्या भांड्यांच्या साबणाचा फेस होतो आणि मशीनमध्ये पाणी जोराने फिरत असल्यामुळे तो फुगतच जातो. फेस झाला की पंपाला पाणी नीट खेचता येत नाही. मशीनच्या टॅबलेट म्हणूनच कमी फेसाच्या बनवतात. फेस म्हणजे स्वच्छता ही समजूत आधी सोडा.

दुसरी खेप मी कुणाला हात लावू दिला नाही. पुरणाची पातेली, आमटीचं गंज, तर्री वाळलेल्या वाट्या, सगळं फक्त खरकटं काढून लावलं. परात आडवी लावली नाही, कारण ती कप्प्याच्या झाकणाला आडवी आली की झाकण अर्धवट उघडतं आणि टॅबलेट आतच चिकटून बसते. पाणी उडवणारा वरचा-खालचा पंखा हाताने फिरवून पाहिला. कोरड्या हाताने अख्खी टॅबलेट कोरड्या कप्प्यात ठेवली आणि 70 अंशांचा, कढईसाठी म्हणून असतो तो प्रोग्राम लावला. पुरणाचं पातेलं लख्ख निघालं. टॅबलेटमध्ये धुण्याचा सोडा असतो, गरम पाण्यात ऑक्सिजन सोडणारं सोडियम परकार्बोनेट असतं आणि एन्झाइम असतात. अमायलेज पिठूळपणा तोडतं, प्रोटिएज डाळ-दुधाचा चिकटा. जाऊबाई त्यावर काय म्हणाल्या? "आधी घासलेलंच असणार."

मला राग भांड्यांचा नव्हता. माझ्या सासूबाईंनी राखेने आणि काथ्याने उभं आयुष्य भांडी घासली. थंडीत त्यांच्या बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या आणि त्याच हातांनी त्या तिखट मळायच्या. ज्या घरात ते हात सगळ्यांनी पाहिले, तिथे मशीनला "नखरे" म्हणायला जीभ कशी वळते, हे मला आजही कळत नाही. डिशवॉशरचं पेटंट 1886 मध्ये अमेरिकेत जोसेफिन कॉक्रन नावाच्या बाईने घेतलं होतं. हे मी जाऊबाईंना सांगितलं, त्यांनी ऐकून सोडून दिलं. आणि हो, मावशींचा पगार मी एका रुपयाने कमी केलेला नाही. भांड्यांचा वेळ त्या आता निवडण-टिपणाला देतात.

तुमच्या पांढऱ्या थराचं राहिलंच. त्या जागेवर व्हिनेगर चोळा. निघाला तर तो क्षारांचा थर आहे. काचेवरचा धुरकटपणा व्हिनेगरनेही गेला नाही तर काच झिजली आहे, ती परत येत नाही. नाशिकमध्ये गंगापूर धरणाचं पाणी असेल तोवर फारसा त्रास होत नाही. पण उन्हाळ्यात सोसायटी बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळायला लागली की काळ्या पाषाणातून आलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ताटांवर दिसू लागतं. पाणी मऊ करायला मशीनच्या तळाच्या टाकीत वेगळं मीठ भरतात. "ऑल इन वन" टॅबलेटला ते लागत नाही म्हणतात, पण पाकीट नीट वाचा. बहुतेकांवर 21 जर्मन अंशांपर्यंतच असं लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरमागे साधारण 375 मिलिग्रॅम कठीणपणा, म्हणजेच असे क्षार. त्यापुढे मशीनचं मीठ वेगळं भरावंच लागतं आणि मशीनमध्ये कठीणपणाचं सेटिंगही वाढवावं लागतं. आरओवाल्याच्या टीडीएस मीटरवर जाऊ नका, तो कठीणपणा मोजत नाही. जेवणातलं आयोडीनचं मीठ किंवा खडे मीठ त्या टाकीत कधीही घालू नका, पाणी मऊ करणारं आतलं रेझिन खराब होतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पाण्यात विरघळणारं पातळ आवरण असेल तर ते काढायचं नाही, साध्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली टॅबलेट मात्र सोलूनच घालायची. पावसाळ्यात डबा घट्ट बंद ठेवा, नाहीतर टॅबलेट एकमेकींना चिकटतात. अर्ध्या तासाच्या झटपट प्रोग्राममध्ये टॅबलेट पूर्ण विरघळेलच असं नाही, तिथे पावडर बरी. तळाची जाळी काढून धुवत जा. घरात लहान मूल असेल तर डबा उंच फळीवर ठेवा, त्या रंगीत टॅबलेट गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात आणि तोंडात गेल्या तर भाजतं.

तांब्या-पितळेची आणि ॲल्युमिनियमची भांडी यात अजिबात घालू नका. ॲल्युमिनियम काळं पडतं, पितळेची झळाळी जाते, बिडाच्या तव्याचं तेल निघून तो गंजतो. गौरींची समई, पितळी ताम्हण, भांडी बाजारातून घेतलेले तांब्याचे हंडे मी अजून चिंच-मिठाने हातानेच घासते. तेवढ्यापुरतं जाऊबाईंचं म्हणणं मला मान्य आहे आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंही आहे. स्टीलच्या ताटांचं मान्य नाही. तुम्ही एक खेप भांडी न घासता, अख्खी टॅबलेट कप्प्यात ठेवून लावा. थर राहिलाच, तर पाणी धरणाचं की बोअरचं ते इथे लिहा, मग मिठाचं सेटिंग किती ठेवायचं ते सांगते.