वाचकांचे प्रश्न : क्यूशू बेटावरील रेल्वेप्रवास आणि पासाची निवड

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त शिक्षक असून नागपूरला धरमपेठेत राहतो. आमची मुलगी जपानमधील फुकुओका शहरात विद्यार्थी व्हिसावर शिकत आहे. येत्या मे महिन्यात तिच्याकडे जाऊन क्यूशू बेट रेल्वेने पाहावे, असा विचार आहे. नागासाकी, कुमामोतोचा किल्ला, आसोचा ज्वालामुखी आणि बेप्पूचे गरम पाण्याचे झरे ही आमची मुख्य ठिकाणे आहेत. जमल्यास कागोशिमालाही जावेसे वाटते. प्रवास ठरवून देणाऱ्या एका गृहस्थांनी संपूर्ण क्यूशूचा सात दिवसांचा पास तिघांसाठीही घ्यावा, असे सुचवले आहे. तो योग्य ठरेल का? आम्ही शाकाहारी आहोत.
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपण दिलेल्या यादीतील पहिली चारही ठिकाणे बेटाच्या उत्तर भागात येतात आणि एकटे कागोशिमा दक्षिण टोकाला आहे. त्यामुळे पास कोणता घ्यावा हा प्रश्न प्रत्यक्षात कागोशिमाला जावे की नाही, या प्रश्नावर येऊन थांबतो. पास आधी घेऊन मग तो वसूल करण्यासाठी फिरत राहणे हा प्रवासाचा उलटा क्रम आहे, आणि साठीनंतर तो विशेष थकवणारा ठरतो.

क्यूशूवरील बहुतेक मुख्य रेल्वेमार्ग जेआर क्यूशू या कंपनीकडे आहेत. १ एप्रिल १९८७ रोजी जपानच्या राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन होऊन ज्या सहा प्रवासी कंपन्या झाल्या, त्यांपैकी ही एक. परदेशी पर्यटकांसाठी तिचे तीन प्रकारचे पास आहेत : संपूर्ण क्यूशूचा, उत्तर क्यूशूचा आणि दक्षिण क्यूशूचा. उत्तरेच्या पासात फुकुओका, सागा, नागासाकी, कुमामोतो, आसो, ओइता, बेप्पू आणि युफुइन हा सारा टापू येतो. शिंकान्सेनने, म्हणजे जपानच्या अतिजलद रेल्वेने, दक्षिणेकडे मात्र त्यावर कुमामोतोपर्यंतच जाता येते. कागोशिमा आणि मियाझाकी यांचा समावेश दक्षिणेच्या पासात आहे. पासाचे दिवस सलग मोजले जातात आणि प्रत्येक दिवस मध्यरात्री संपतो. आज प्रवास, उद्या विश्रांती, परवा पुन्हा प्रवास असे केले, तर विश्रांतीचा दिवसही पासातून वजा होतो. सात दिवसांचा पास घेऊन त्यातील तीन दिवस मुलीच्या घरी काढणे म्हणूनच परवडणारे नाही.

माझ्या मते आपण उत्तर क्यूशूचा पाच दिवसांचा पास घ्यावा. पहिल्या दिवशी हाकाता स्थानकावरून नागासाकीला जाऊन तेथे मुक्काम करावा. (फुकुओका शहराचे मुख्य स्थानक हाकाता या नावाने ओळखले जाते, वेळापत्रक पाहताना हे लक्षात असू द्यावे.) या मार्गावर ताकेओ-ओन्सेन ते नागासाकी एवढाच ६६ किलोमीटरचा भाग शिंकान्सेनचा आहे आणि तो २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाला. हाकाताहून ताकेओ-ओन्सेनपर्यंत साधी लिमिटेड एक्सप्रेस, म्हणजे मोजक्याच स्थानकांवर थांबणारी गाडी, धावते. ताकेओ-ओन्सेनला दोन्ही गाड्या एकाच फलाटाच्या दोन बाजूंना उभ्या असतात, त्यामुळे जिना चढण्या-उतरण्याचा त्रास होत नाही. नागासाकीसाठी दीड दिवस तरी ठेवावा. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बची माहिती देणारे संग्रहालय घाईघाईने पाहून निघून यावे, असे ते ठिकाण नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतीच्या मार्गाने शिन-तोसूपर्यंत यावे आणि तेथे क्यूशू शिंकान्सेनमध्ये बसून कुमामोतोला पोहोचावे.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुमामोतोचा किल्ला पाहावा. २०१६ च्या भूकंपात त्याची मोठी पडझड झाली होती. मुख्य मनोरा दुरुस्त होऊन २०२१ मध्ये खुला झाला असला, तरी तटबंदीचे काम अजून दीर्घकाळ चालणार आहे आणि ते काम पाहणे हाही त्या भेटीचा एक भाग आहे. दुपारच्या गाडीने आसोकडे निघावे. कुमामोतो ते ओइता हा होही मार्ग त्याच भूकंपाने तुटला होता आणि ८ ऑगस्ट २०२० रोजी पूर्ववत सुरू झाला. या मार्गावरील तातेनो स्थानकाजवळ गाडी पुढे जाते, थांबते, उलट्या दिशेने चढते आणि पुन्हा दिशा बदलून वर येते; तीव्र चढावर मात करण्याची ही जुनी पद्धत आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. एवढे चढून गाडी ज्वालामुखीच्या प्राचीन खोलगट कुंडात शिरते. हे कुंड उत्तर-दक्षिण सुमारे २५ आणि पूर्व-पश्चिम सुमारे १८ किलोमीटर पसरलेले असून त्यात गावे आहेत, शेते आहेत आणि मधोमध आजही धुमसणारी शिखरे आहेत. मला विचाराल तर संपूर्ण बेटावरील रेल्वेप्रवासात याच्या तोडीचा दुसरा टप्पा नाही, म्हणून तो दिवसाउजेडीच करावा आणि रात्री आसोलाच राहावे. ज्वालामुखीच्या मुखापर्यंत जाण्याचा रस्ता विषारी वायूचे प्रमाण वाढल्यास बंद ठेवला जातो. त्या दिवशीची स्थिती सकाळीच विचारून घ्यावी. स्थानकापासून वर जाणारी बस रेल्वेच्या पासात धरलेली नसते.

चौथ्या दिवशी आसोहून ओइतामार्गे बेप्पू गाठावे. पाचव्या दिवशी युफुइनला थोडा वेळ घालवून तेथून ‘युफुइन नो मोरी’ या हिरव्या रंगाच्या गाडीने सुमारे सव्वादोन तासांत हाकाताला परत यावे. १९८९ पासून धावणाऱ्या या गाडीची सर्व आसने आरक्षित असतात आणि ती लवकर भरते. आपल्याकडे साठ दिवस आधी आरक्षण उघडते. जपानमध्ये ते साधारणपणे प्रवासाच्या एक महिना आधी सकाळी दहा वाजता उघडते. पासावर आरक्षित आसने किती वेळा घेता येतील याला मर्यादा असते, म्हणून आरक्षण या गाडीसाठी आणि नागासाकीच्या प्रवासासाठी राखून ठेवावे आणि जेथे अनारक्षित डबे असतात तेथे त्यांतून प्रवास करावा.

आता हिशेब पाहू. हाकाता ते नागासाकी या एकाच बाजूच्या तिकिटाला सहा हजार येनांहून अधिक लागतात, आणि वर सांगितलेल्या सर्व टप्प्यांची सुटी तिकिटे घेतली तर माणशी खर्च वीस हजार येनांच्या बराच पुढे जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार उत्तर क्यूशूचा पाच दिवसांचा पास १५,००० येनांना होता. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने साधी भाडी सरासरी १५ टक्क्यांनी वाढवली आहेत, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी पासाची आणि तिकिटांची त्या दिवशीची किंमत कंपनीच्या संकेतस्थळावर शेजारी शेजारी ठेवून पाहावी. माझा अंदाज असा की आपल्या मार्गासाठी पास स्वस्तच पडेल.

कागोशिमाचा मोह मी समजू शकतो. शहरासमोरच्या खाडीत साकुराजिमाचा ज्वालामुखी उभा आहे आणि फेरीबोटीने पंधरा मिनिटांत त्याच्या पायथ्याशी पोहोचता येते. अंतरही फार नाही : हाकाता ते कागोशिमा-चुओ हा शिंकान्सेनचा लोहमार्ग सुमारे २५७ किलोमीटरचा, म्हणजे नागपूरहून अकोल्याला जाण्याइतकाच आहे आणि सर्वांत जलद गाडी तो सव्वा तासाच्या आसपास पार करते. मात्र एकेरी तिकीटच दहा हजार येनांच्या वर आहे. तेव्हा कागोशिमाला जायचेच असेल, तर संपूर्ण क्यूशूचा पाच दिवसांचा पास घ्यावा. २०२३ च्या त्या दरांत या पासाची किंमत तीन दिवसांसाठी २०,००० येन, पाच दिवसांसाठी २२,५०० येन आणि सात दिवसांसाठी २५,००० येन होती, म्हणजे वाढीव दिवस स्वस्तात मिळत होते. दिवस स्वस्त मिळतात म्हणून ते घेऊ नयेत. कागोशिमासाठी नागासाकी किंवा आसो यांपैकी एक वगळावे लागेल. मी आपल्या जागी असतो तर कागोशिमा पुढच्या भेटीसाठी ठेवले असते. कागोशिमाहून मियाझाकीमार्गे पूर्व किनाऱ्याने ओइतापर्यंत येणारा मार्ग नकाशावर सुंदर वळसा दिसतो, परंतु तेथे शिंकान्सेन नाही आणि केवळ गाडीत बसण्यातच पाच तासांहून अधिक वेळ जातो.

तिघांसाठी एकच पास घेण्याची सूचना मात्र चुकीची आहे. हा पास अल्पकालीन अभ्यागत म्हणून देशात प्रवेश मिळालेल्या परदेशी प्रवाशांसाठीच असतो. आपल्या दोघांच्या पारपत्रावर विमानतळावर तशी नोंद होईल आणि पास हाती घेताना मूळ पारपत्र दाखवावे लागेल. आपली कन्या विद्यार्थी म्हणून तेथे वास्तव्यास असल्याने ती या पासाला पात्र नाही. तिने कंपनीच्या संकेतस्थळावरील ‘क्यूशू नेट किप्पू’ ही ऑनलाइन तिकिटे पाहावीत. काही दिवस आधी घेतल्यास त्यांत चांगली सूट मिळते. त्या सवलतीच्या तिकिटावर गाडी बदलण्याची मुभा फारशी नसते, म्हणून तिची तिकिटे काढताना आपलीही आसने त्याच गाडीत आरक्षित करावीत. तिला पाचही दिवस सोबत येणे शक्य नसल्यास नागासाकीला तिघे एकत्र जाऊन पुढचा प्रवास आपण दोघांनी केला, तरी अडचण येणार नाही; स्थानकांवरील फलक आणि गाडीतील घोषणा मोठ्या मार्गांवर इंग्रजीतही असतात.

महिन्याबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. २९ एप्रिल ते ५ मे या काळात जपानमध्ये सलग सुट्या येतात आणि गाड्या, निवासस्थाने सर्वच भरून जातात. दुसरीकडे, उत्तर क्यूशूत पावसाळी काळ साधारणपणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतो. जुलै २०२० च्या पुरात कुमा नदीकाठचा हिसात्सू मार्ग वाहून गेला आणि त्याचा यात्सुशिरो ते योशिमात्सू हा भाग त्यानंतर बंद पडला. जुन्या प्रवासवर्णनांत त्याची खूप स्तुती आढळते, त्यामुळे हे सांगणे आवश्यक वाटले. नागपूरच्या उन्हाळ्यातून सुटका हाही हेतू असेल, तर १० मे ते महिनाअखेर हा काळ उत्तम. पास एकदा सुरू झाल्यावर पावसामुळे गाडी रद्द झाली तरी त्याचे पैसे परत मिळत नाहीत.

शाकाहाराविषयी थोडक्यात : स्थानकांवरील डबाबंद जेवणात बहुधा मासे किंवा मांस असते, आणि वरवर शाकाहारी दिसणाऱ्या रश्शातही माशांचा अर्क असतो. उमेबोशी (खारवलेले आंबट फळ) भरलेले भाताचे गोळे, फळे आणि घरून नेलेले दशम्या-चटणीसारखे टिकाऊ पदार्थ प्रवासात पुरेसे होतील. मोठ्या बॅगा मुलीकडेच ठेवाव्यात. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटीमीटरपेक्षा अधिक असलेल्या सामानासाठी शिंकान्सेनमध्ये ठरावीक आसने आधी आरक्षित करावी लागतात.

प्रश्न : आम्ही ओसाकाला उतरून हिरोशिमा पाहून क्यूशूला जाणार आहोत आणि फुकुओकाहून परतणार आहोत. सोबत आठ वर्षांचा मुलगा आहे. देशभराचा जपान रेल पास घ्यावा का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : घेऊ नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभराच्या सात दिवसांच्या पासाची किंमत २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येन झाली. तेव्हापासून तो फार लांबचे प्रवास करणाऱ्यांनाच परवडतो. ओसाका ते हाकाता या शिंकान्सेनच्या एकेरी प्रवासाला सुमारे पंधरा-सोळा हजार येन लागतात. मूळ भाड्याचे तिकीट हाकातापर्यंतचे एकच काढून हिरोशिमाला उतरता येते. शिंकान्सेनचा अधिभार मात्र प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा भरावा लागत असल्याने एकूण रक्कम थोडी वाढेल. हाकाताला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवसापासून क्यूशूचा पास सुरू करावा. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना पास आणि तिकीट दोन्ही निम्म्या दरात मिळतात.

आपण होन्शूकडून, म्हणजे ओसाका-हिरोशिमा असलेल्या मुख्य बेटावरून, येत असल्याने एक गोष्ट आवर्जून सांगतो. कोकुरा आणि हाकाता ही दोन्ही स्थानके क्यूशू बेटावरच आहेत, परंतु त्यांच्या दरम्यानची शिंकान्सेन जेआर वेस्ट या दुसऱ्या कंपनीची आहे आणि क्यूशूच्या पासावर तिच्यात बसता येत नाही. त्या अंतरासाठी ‘सोनिक’ किंवा ‘किरामेकी’ या लिमिटेड एक्सप्रेस गाड्या घ्याव्यात. पासाची हद्द बेटाच्या किनाऱ्यावरून ठरत नाही, ती कंपनीच्या मालकीवरून ठरते. फुकुओकाची मेट्रो तसेच नागासाकी, कुमामोतो आणि कागोशिमा येथील ट्राम याच कारणाने पासाबाहेर आहेत.

प्रश्न : ताकाचिहोची घळ पासावर पाहता येईल का?
— एक वाचक, वर्धमाननगर, नागपूर

उत्तर : नाही. तेथे जाणारी रेल्वे वेगळ्या कंपनीची होती. सप्टेंबर २००५ च्या चक्रीवादळात तिचे पूल वाहून गेले आणि ती पुढे कायमची बंद झाली. आता कुमामोतोहून किंवा नोबेओकाहून बसने जावे लागते. त्या दिवशी पास चालू नसेल असे पाहावे. पास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी किंवा संपल्यानंतर ही सहल केल्यास पासाचा दिवस वाया जाणार नाही.