भातुकली : भांडी नव्हेत, भात + केलीही नव्हे

प्रश्न असा : भातुकली म्हणजे ती चिमुकली पितळी भांडीच ना, शब्दाची फोड ‘भात + केली (क्रीडा)’ अशी सांगतात ती बरोबर का, आणि बहिणीबरोबर भाऊही खेळत असला तरी भातुकलीच म्हणायचं का?

भांडी नव्हेत. ‘पितळी भातुकली, पंधरा नग’ असं दुकानात लिहिलेलं दिसतं तेव्हा नग कसले मोजलेत, असं विचारावंसं वाटतं. भातुकली खेळतात, मांडतात, मोडतात. भांड्यांना चूलबोळकी म्हणा. बोळकं म्हणजे मातीचं लहान भांडं. दात पडलेल्या तोंडाचंही बोळकंच होतं.

आता ती ‘केली’. ही फोड करणाऱ्या पंडितांनी मधला ‘उ’ कुठून आला ते आधी सांगावं, आणि ‘के’तला ‘ए’ कुठे गेला तेही. जुन्या मराठीत ‘भातुकें’ हा शब्द सरळ उभा आहे. संतवाङ्मयात तो लेकराला द्यायचा खाऊ या अर्थानं येतो. सुपाची सुपली, डफाची डफली, तशी भातुक्याची भातुकली. म्हणजे खाऊ-खाऊ! भाताशी नातं आहेच (संस्कृत ‘भक्त’ म्हणजे अन्न, त्याचा प्राकृतात ‘भत्त’, मराठीत ‘भात’), पण ते आजोबाचं, बापाचं नव्हे.

खेळ पाहिला तरी माझंच म्हणणं पटतं. खोट्या भातुकलीत वाळूचा भात, पाल्याची भाजी, विटेच्या चुऱ्याचं तिखट. खऱ्या भातुकलीत मात्र सहसा कुणी भात रांधत नाही. चुरमुरे, दाणे, गूळ. दोन वाट्या दाण्याच्या कुटाला एक वाटी चिरलेला मऊ गूळ, तळहातावर दाबून बोराएवढे लाडू. कूट फार भरड असलं किंवा गूळ कोरडा निघाला तर लाडू फुटतात, मग ‘आज चिवडा केलाय’ असं जाहीर होतं.

आणखी एक. या खेळात ताई म्हणते, “मी आई असते, तू पाहुणा असतोस, तू दार वाजवतोस.” यावर ‘असते नाही, आहे म्हण’ अशी दुरुस्ती करणारी मोठी माणसं भेटतात. कृपया करू नका. नाटकाच्या संहितेत ‘पडदा उघडतो तेव्हा राजा सिंहासनावर बसलेला असतो’ असंच लिहितात. पोर रंगसूचना देतं आहे. ‘आहे’ हे खेळाबाहेरचं क्रियापद : “तू पाहुणा असतोस ना? मग सगळे लाडू काय खातोस? हावरट आहेस!” पहिल्या वाक्यात पाहुणा, शेवटच्यात सख्खा भाऊ. धाकटा रुसून “मी पाहुणा नाहीये” म्हणाला की डाव मोडलाच. “नसतो” म्हणाला तर त्याला फक्त दुसरी भूमिका हवी असते. दुकानदार करून टाकावा.

भावाचं विचारलंत ना? हो, तरीही भातुकलीच.