जर्मनीत येऊन धरणाच्या रिपोर्टांचं इंग्लिश करायचं म्हणतोस तर

भाऊ, तू विचारलं का जर्मन भाषेची बी-वन लेव्हल झाली, पवनीकडे कालव्याच्या कामावर तीन वर्षं काढली, आता तिकडे येऊन धरणाचे जर्मन रिपोर्ट इंग्लिशमध्ये करायचं काम जमेल का. जमते न. मी पण भंडाऱ्याकडचाच, नऊ वर्षांपासून हेच करून रायलो.

पहिले तर जॉब शोधताना 'हायड्रॉलिक' टाकू नको बावा. इकडे ह्युड्राउलिक म्हटलं का बहुतेक वेळा जेसीबीचं तेल, पंप, सिलिंडर. आपल्या कामाले वासरबाउ म्हणतात. मी दोन महिने भलतीकडेच अर्ज टाकत बसलो होतो.

आता शब्द. इंग्लिशमध्ये सगळंच डॅम. जर्मन माणूस मातीच्या धरणाले श्टाउडाम म्हणते, काँक्रीटच्या नाहीतर दगडी भिंतीले श्टाउमाउअर, आणि भिंत, मागचं पाणी, गेट सगळं मिळून टालश्पेरं. म्हणजे आपलं गोसीखुर्द धरण पूर्ण टालश्पेरं, त्यातला मातीचा लांबच लांब भाग श्टाउडाम. नुसतं डाम लिहिलं असलं तर तो रेल्वेचा भराव पण निघू शकते, म्हणून ड्रॉइंग पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. मी एकदा श्लॉयझंचं डोळे झाकून स्लूस, म्हणजे पाणी सोडायचं गेट, केलं, ते निघालं जहाज वर-खाली करायचं लॉक, क्लायंटनं विचारलं का बोट गेटखालून काढता का, सगळं ऑफिस हसत होतं. वासरश्लॉसचं तर मशीन सरळ 'पाण्याचा किल्ला' करते. ते सर्ज टँक आहे, म्हणजे वीजघराच्या बोगद्यातल्या पाण्याचा अचानक वाढलेला दाब सांभाळणारी विहीर, कोयनेच्या बातम्यांत उल्लोळ विहीर वाचलं असशील तेच.

तुले एक गोष्ट फुकटात भेटली आहे, मामा तलाव, म्हणजे आपल्याकडचे जुने माजी मालगुजारी तलाव. होखवासरएंटलास्टुंग वाचून घाबरू नको, ती आपली सलंग आहे, जास्तीचं पाणी पाळ न फोडता काढून देणारी, इंग्लिशमध्ये स्पिलवे. ग्रुंडआबलास म्हणजे बॉटम आउटलेट, तुडुमाचा, म्हणजे तलावातून शेताले पाणी सोडायच्या तोंडाचा, मोठा भाऊ म्हण. डिक्शनरीनं नाही सुटलं ते मले बरेचदा गावच्या तलावाच्या पाळीवरून सुटलं.

पण खरी फजिती आकड्यांत होते. इकडे नदीच्या खडबडीतपणासाठी श्ट्रिकलरचा के-एसटी वापरतात, आपण कॉलेजात मॅनिंगचा एन शिकलो, अन् हे दोन्ही एकमेकांचे उलटे (एकाले दुसऱ्यानं भागायचं), के 40 म्हणजे एन 0.025. के जेवढा मोठा तेवढं पात्र गुळगुळीत, एनचं बरोबर उलटं, म्हणून 'रफनेस जास्त' अशा वाक्यापाशी थांबून दोनदा वाचजो. वरून पॉइंट अन् कॉमाची अदलाबदल, 1.250 म्हणजे साडेबाराशे. हे चुकलं तर इंग्लिश कितीही चांगलं असो, पूर्ण टेबल गेलं.

अन् बी-टू करूनच ये. कागद बी-वनवर वाचून होतो, पण साइटवरचा फोरमन फोनवर गावठी जर्मन बोलते तेव्हा कागद कामाचा नाही, मी पहिलं वर्ष नुसतं 'या, या' (म्हणजे हो, हो) करत काढलं.