दिवाळीनंतर नदीत-तलावात गळाला मासे का लागत नाहीत? तेव्हा कुठं, कधी आणि कशावर बसावं?

तुमचा प्रश्न असा आहे: गणपतीपासून दसऱ्यापर्यंत भीमेच्या काठावर आणि गावच्या पाझर तलावात रोहू, मृगळ, चिलापी बऱ्यापैकी लागत होते. दिवाळी उलटली आणि आता पहाटेपासून दुपारपर्यंत बसूनही बोया (दोरीला बांधलेला, चावा दाखवणारा तरंगता तुकडा) हलत नाही. आमिष बदलायचं की जागा?

आधी वेळ बदला, मग खोली, आणि आमिषाला सगळ्यात शेवटी हात लावा. बहुतेक जण नेमकं उलट करतात. पहाटे पाचला त्याच जुन्या जागेवर बसून एकामागून एक पिठं बदलत राहतात.

मासे कुठं गेलेले नसतात, त्यांची भूक उतरलेली असते. माशाच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर चालतं. पाणी गार झालं की पचन मंदावतं, आणि सकाळी खाल्लेलं संध्याकाळपर्यंत पोटात राहतं. कटला, रोहू, मृगळ साधारण २४ ते ३० अंशांच्या पाण्यात जोमानं खातात. पाणी २० च्या खाली उतरलं की दिवसातून थोडाच वेळ तोंड उघडतात. चिलापी तर गारव्याला आणखी हळवी असते. सायप्रिनस (कॉमन कार्प) तेवढा थंडी सोसतो, त्यामुळं डिसेंबरात तळाला काही हललं तर बऱ्याचदा तोच असतो.

म्हणून अंदाज बांधत बसू नका, पाणी मोजा. मत्स्यटाकीच्या दुकानात मिळणारा साधा काचेचा तापमापक पुरतो. काठाचं पाणी मोजणं सोपं आहे. खोलीचं मोजायला काचेची बाटली घ्या, तळाला दगड बांधा आणि बुचाला वेगळी दोरी लावा. बाटली हव्या त्या खोलीवर सोडा, बुचाची दोरी हिसडून काढा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, मग दोन-तीन मिनिटं तशीच राहू द्या. वर काढल्याबरोबर तापमापक आत घाला. काठाचं पाणी १९ आणि दहा-बारा फुटांवरचं २२ निघालं, तर सकाळी काठाशी बसणं म्हणजे रिकाम्या घराची कडी वाजवणं आहे. दुपारी तीनला पुन्हा मोजा, आकडे बहुतेक उलटलेले दिसतील. उथळ पाणी उन्हानं लवकर तापतं आणि रात्री तितक्याच लवकर निवतं.

यावरून वेळ ठरते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी साडेतीन ते अंधार पडेपर्यंत बसा. थंडी चांगली पडली की अकरा ते चार ही मुख्य वेळ धरा. पहाटेचं बसणं आता सोडून द्या. आभाळ येऊन रात्र उबदार गेली, तर मात्र हे वेळापत्रक दोन-तीन दिवस मोडतं आणि मासा सकाळीही खातो. उलट, आभाळ फाटून एकदम कडाक्याची थंडी पडली, तर पहिला दिवस घरीच काढा. पाणी गार असण्यापेक्षा ते एकाएकी गार होणं माशाला जास्त बाधतं.

तलावावर कुठला काठ धरायचा? या दिवसांत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो. त्यामुळं तलावाच्या उत्तर काठावर दिवसभर ऊन असतं, आणि दक्षिण काठ झाडांच्या किंवा डोंगराच्या सावलीत राहतो. उत्तर काठावर दक्षिणेकडं तोंड करून बसलात की तुमची सावलीही मागं पडते. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात याचं काही वाटत नव्हतं. आता पाणी निवळलेलं असतं, चार-पाच फुटांवरचा दगड दिसतो, आणि मासाही तुम्हाला तितकाच स्पष्ट पाहतो. काठावर उभं राहू नका, पाय आपटू नका, भडक शर्ट नको. दुपारी वारा सुटला तर तो ज्या काठावर आपटतो तिकडं सरका. वरचं तापलेलं पाणी आणि त्यातले सूक्ष्म जीव वाऱ्यानं तिकडंच ढकलले जातात. कटला त्यांच्या मागं येतो.

उजनीसारख्या मोठ्या जलाशयाचं गणित थोडं वेगळं आहे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळचं पाणी. म्हणजे धरण शून्य टक्क्यांवर आलं तरी पाणी भरपूर असतं. एवढं पाणी सावकाश गार होतं, त्यामुळं पाझर तलाव मंदावल्यावरही उजनीत चिलापी आणखी काही दिवस चालते. तिथं जुन्या नदीपात्राची कड, बुडालेल्या बांधांच्या रेषा, ओढा जिथं आत शिरतो ती घळ अशा जागा शोधा. उथळ आणि खोल पाणी जवळजवळ असलं म्हणजे माशाला ऊन लागताच वर आणि गारठा वाढताच खाली जाता येतं. सपाट, मैलभर उथळ काठावर आता वेळ घालवू नका.

नदीवर मात्र तापमानाइतकंच महत्त्व पाण्याच्या हालचालीला आहे, आणि ती माणसाच्या हातात आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकायला सुरुवात होते. बर्गे पडले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि काठचं गवत, लव्हाळी, पिकांची धसकटं पाण्याखाली जातात. पहिला आठवडा-दहा दिवस मासा त्या नव्या पाण्यात चरायला येतो. हे दिवस चुकवू नका, दोन-तीन फूट पाण्यातही रोहू मिळतो. नंतर ते गवत कुजतं, पाण्याला वास येतो आणि मासा पात्राच्या मध्यात सरकतो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उलट घडतं. धार तुटते, डोह सुटे पडतात आणि सगळा मासा डोहात गोळा होतो. तिथं डोहाच्या मधोमध गळ टाकू नका, वरून पाणी झिरपून येतं त्या तोंडाशी टाका. हवा मिसळलेलं पाणी तिथंच असतं.

धरणाखालच्या नदीत आणि कालव्यात रब्बीचं आवर्तन (सिंचनासाठी सोडलेली पाण्याची पाळी) सुटलं की पाणी वाढतं आणि पुन्हा गढुळतं. वाढत्या पाण्यात पहिले काही तास मासा बिथरलेला असतो. पातळी स्थिर झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चांगला खातो. आवर्तन बंद होऊन पाणी झपाट्यानं उतरतं त्या दिवशी जवळजवळ काहीच लागत नाही. आवर्तनाच्या तारखा कालव्यावरच्या शेतकऱ्यांना पाठ असतात. त्यांना विचारून जायचा दिवस ठरवा.

आता आमिष. पावसाळ्यातला लिंबाएवढा गोळा आता बोराएवढा करा. गळ ४-६ नंबरचा असेल तर ८-१० वर या (नंबर वाढतो तसा गळ बारीक होतो), तंगूस (नायलॉनची दोरी) ०.३५ मिमीवरून ०.२५ वर आणा. निवळ पाण्यात जाड दोरी उन्हात चमकते.

रोहू-मृगळासाठी पीठ असं करा: २५० ग्रॅम शेंगदाणा पेंड उन्हात वाळवून जाडसर कुटा. त्यात १०० ग्रॅम भाजलेलं हरभऱ्याचं पीठ, फक्त ५० ग्रॅम मैदा, एक चमचा भाजलेल्या मेथीची पूड आणि मूठभर मऊ शिजलेला भात घाला. कोमट पाणी थोडं थोडं शिंपडत मळा आणि वीस मिनिटं ओल्या फडक्यात झाकून ठेवा. गार पाण्यात मैद्याचा गोळा आवळतो आणि रबरासारखा होतो. मासा तो तोंडात घेऊन थुंकतो आणि तुम्हाला कळतही नाही. म्हणून मैदा कमी आणि भात हवाच. तेल-तूप घालायची सवय असेल तर ती थंडीत सोडा. तूप तर थिजतंच, आणि थिजलेल्या आमिषाचा वास पाण्यात पसरत नाही. काठावर गेल्यावर गोळ्याची परीक्षा घ्या: त्याच नदीचं पाणी बरणीत घेऊन एक गोळी टाका. पाच मिनिटांत विरघळली तर मैदा चिमूटभर वाढवा. अर्ध्या तासानंतरही गुळगुळीत राहिली तर भात वाढवा. साधारण पंधरा मिनिटांत कडा उसवायला लागल्या आणि मधला भाग टिकला, म्हणजे पीठ जमलं.

चारा टाकताना हात आखडता घ्या. ऑक्टोबरात दोन किलो पेंड टाकत असाल तर आता तीन-चार मुठी पुरे, त्याही तासातासानं. मंदावलेला मासा चाऱ्यावरच पोट भरून घेतो, मग गळाकडं बघत नाही. उरलेली पेंड तळाला कुजते आणि दुसऱ्या दिवशी ती जागा नासते.

मोसम संपला असं लोक म्हणतात, त्यातले निम्मे खरं तर चावा ओळखण्यात चुकतात. थंडीत रोहू-मृगळ बोया बुडवत नाही, जागच्या जागी आमिष चोखतो. जाड थर्माकोलच्या बोयावर ते उमटतच नाही. मोरपिसाच्या दांडीचा, सात-आठ इंचांचा बोया घ्या आणि फक्त खालच्या टोकाला दोरीत अडकवा. गळापासून दोन इंचांवर एकच छोटं शिसं लावा. बोया प्रत्यक्ष खोलीपेक्षा सहा-सात इंच जास्त ठेवा, म्हणजे शिसं तळाला टेकेल. मग दोरी हळूहळू ताणत बोयाचं जेमतेम अर्धं इंच टोक पाण्यावर राहील असं करा. मासा आमिष उचलतो तेव्हा शिसंही उचललं जातं आणि बोया खाली जायच्या ऐवजी वर येऊन आडवा पडतो. वर यायला लागला की झटका मारा, आडवा पडायची वाट पाहू नका. झटका डोक्यावरून नको, मनगटानं बाजूला, हातभर अंतराचा. बारीक दोरी जोराच्या झटक्यात गाठीशी तुटते. गाठ ओली करून आवळलेली असावी, कोरडी आवळली की तंगूस तिथंच कमजोर होतो.

कटल्यासाठी ही मांडणी चालत नाही. त्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि तो तळाला क्वचितच खातो. पाण्याच्या मधल्या थरात, उन्हाच्या वेळी वरून चार-सहा फुटांवर, भुसभुशीत पेंडीचा गोळा लोंबता ठेवा. कणांचा ढग सुटला पाहिजे, तो त्यातून गळ ओढून घेतो. चिलापीला गांडुळाचा अर्धा इंच तुकडा, १२ नंबरचा गळ आणि दुपारच्या उन्हात तापलेले दगड. शिंगटा आणि वाम तिन्हीसांजेनंतरचे. खोल कडेला अख्खं गांडूळ किंवा झिंगा लावा, पण डिसेंबर लागला की रात्री बसण्यात फारसं हाती लागत नाही. मरळ हवेतही श्वास घेतो, त्यामुळं शांत दुपारी कमळाच्या पानांजवळ वर येताना दिसतो. त्याच्यासाठी रबरी बेडूक वापरा, पावसाळ्याच्या निम्म्या वेगानं ओढा आणि मधे थांबा. खडस (महसीर) लागलाच तर पाण्यातच गळ काढून सोडून द्या. वाळणकोंड किंवा तिळसे अशा देवाच्या डोहांवर तर गळ न्यायचाच नाही.

शिंगट्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन काटे जपा, जाड फडक्यानं धरा. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा तास बुडवून ठेवा, वेदना कमी होतात. सूज चढत गेली किंवा काटा आत मोडला तर डॉक्टरकडं जा.

उतरत्या जलाशयाच्या काठावर काळी माती वरून भेगाळलेली, वाळलेली दिसते. त्या पापुद्र्याखाली गुडघाभर गाळ असतो. काठी खुपसून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका. धरणाखाली बसला असाल तर पाण्याच्या रेषेला एक काडी रोवून ठेवा. काडी बुडायला लागली की सामान आवरा.

बहुतेक तलाव आणि जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. संस्थेला विचारून, असेल ती पावती घेऊनच बसा. सुरुंग आणि विष लावून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कुणी तसं करताना दिसलं तर संस्थेला कळवा. अर्ध्या किलोच्या आतला कटला-रोहू, माझ्या मते, ओल्या हातानं परत सोडावा.

आणि याच दिवसांत उसाचा गळीत हंगाम सुरू होतो, आणि साखर कारखान्यांची मळी कधी नदीत उतरते. नदीला काळपट रंग, मळीचा आंबूस वास आणि सकाळी तोंड वर काढून तडफडणारे मासे दिसले तर गळ टाकू नका. ते मासे हातानं सहज सापडतात, म्हणून लोक पोत्यानं गोळा करतात. ते मासे घरी नेऊ नका. विकत घेतानाही, डोळे पांढुरके आणि कल्ले तपकिरी असतील तर परत करा. त्या दिवशी वरच्या अंगाच्या बंधाऱ्यापलीकडं जा किंवा सरळ तलाव गाठा.